आयपॅड म्हणतो पॉवर पुरत नाही, लॅपटॉपवर सूरच चढतो – इंटरफेस वापरणारं कुणी आहे का इथे?

काळीचार (सोमवार, रात्री १०.५०)

नमस्कार मंडळी. मी सहकारनगरला घरीच गाणं शिकवते, आठ-दहा मुली प्रत्यक्ष येतात आणि तिघी अमेरिकेतनं ऑनलाइन, त्यांच्यासाठी पहाटे उठून साडेसहाला बसायचं म्हणजे तिकडे न्यू जर्सीत रात्रीचे नऊ. इतके दिवस आयपॅडच्याच माइकवर भागवलं पण त्या मुली म्हणायला लागल्या की ताई तुमचा खर्जातला सा ऐकूच येत नाही आणि तानपुरा मधेच गायब होतो. म्हणून लेकाच्या सल्ल्यानं दोन इनपुटवाला ऑडिओ इंटरफेस (माइक आणि वाद्यं आयपॅडला नाहीतर कंप्युटरला जोडायचा डबा) आणि एक कंडेन्सर माइक घेतला, आणि तिथनं वनवास सुरू झाला.

पहिलं म्हणजे आयपॅड. नाइन्थ जनरेशन आहे, लाइटनिंगवाला, म्हणजे ॲपलच्या जुन्या चार्जिंगच्या भोकाचा. तपकीर गल्लीतनं एक छोटा ॲडाप्टर आणला, अडीचशे रुपयांचा, त्यातनं इंटरफेस जोडला की लाल दिवा एकदा लुकलुकतो आणि स्क्रीनवर येतं की हे उपकरण फार पॉवर मागतंय, वापरता येणार नाही. बास. संपला विषय.

मग लेकाचा जुना विंडोज लॅपटॉप घेतला. त्याच्यावर चालतो पण हेडफोन लावून मी सा लावला की कानात दुसरी कुणीतरी बाई पाठोपाठ सा लावते! द्रुत तान घेणं सोडाच, सरळ आलाप घेताना पण वेडं व्हायला होतं.

आणि तिसरं तर भुताटकीच आहे. आयपॅडवर गॅरेजबँड या रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये आधी एक यमनचा सरावाचा ट्रॅक करून ठेवला होता, तो लॅपटॉपवर घेतला, म्हटलं वरनं पेटी वाजवून टाकू. मी काळी चारमध्ये गाते, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा माझा सा. ट्रॅक लावला तर पेटी जुळेचना. काळी चार दाबून बघितली, नाही. पांढरी सहा, नाही. काळी पाच, तेही नाही. दोघींच्या मधेच कुठेतरी लटकलाय सूर, आणि गाणं पण जरा घाईत म्हटल्यासारखं वाटतंय. लेक म्हणतो आई तुझा भास आहे. पंचवीस वर्षं गातेय मी, भास कसला?

वस्तू परत करायची मुदत अजून चार दिवस आहे. ठेवू का देऊ?

शनिवारातला तिरसट (सोमवार, रात्री ११.१५)

खोक्यात एक कागद येतो. तो वाचलात का?

काळीचार (सोमवार, रात्री ११.२२)

वाचला. चौदा भाषांत आहे, मराठी सोडून. त्यात लिहिलंय केबल जोडा आणि आनंद घ्या.

सिंहगडरोडकर (सोमवार, रात्री ११.४०)

हाहा. ताई परत देऊ नका, वस्तूत काही खराबी वाटत नाही मला.

आयपॅडचं सांगतो. लाइटनिंगवाला आयपॅड बाहेरच्या वस्तूला फारच थोडा करंट देतो. तुमचा इंटरफेस स्वतःचं वेगळं जेवण आणत नाही, सगळं यूएसबीतनंच ओढतो, आणि कंडेन्सर माइकसाठी ४८ व्होल्टचं बटण दाबलं की भूक अजून वाढते. लॅपटॉपचं यूएसबी पोर्ट निदान ५०० मिलिअँपिअर तरी देतं, निळं यूएसबी थ्री असेल तर ९००, म्हणून तिथे निमूट चालतो. आयपॅडसाठी तुम्हाला ॲपलचा लाइटनिंग टू यूएसबी थ्री कॅमेरा ॲडाप्टर लागेल, नाव कॅमेऱ्याचं आहे त्याच्याकडे लक्ष देऊ नका, त्याला बाजूला अजून एक लाइटनिंगचं भोक असतं त्यात आयपॅडचा चार्जर लावायचा, मग इंटरफेसला पॉवर भिंतीतनं मिळते आणि आयपॅड पण चार्ज होत राहतो. ॲपलचाच जुना छोटा ॲडाप्टर मिळतो त्याला हे दुसरं भोक नसतं, तो घेऊ नका. आणि अडीचशेवाला फेकून द्या.

दुसरा मार्ग म्हणजे स्वतःचा ॲडाप्टर असलेला पॉवर्ड यूएसबी हब मधे टाकायचा. काही इंटरफेसना वेगळं पाच व्होल्टचं सॉकेट असतं, स्टाइनबर्गच्या यूआर १२ ला आहे बघा, तिथे साधा मोबाइलचा चार्जर लावला तरी भागतं. तुमच्याकडे तसं आहे का मागच्या बाजूला बघा.

अजून एक, तुमचा इंटरफेस क्लास कंप्लायंट आहे ना ते खोक्यावर बघून घ्या. म्हणजे ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) न टाकता चालणारा. आयपॅडवर ड्रायव्हर टाकायची सोयच नाही त्यामुळे तसा नसेल तर ॲडाप्टर कुठलाही आणा, उपयोग शून्य. लाल दिवा लागून पॉवरचा मेसेज आला म्हणजे निदान बोलाचाली सुरू झाली होती दोघांची.

पुढेमागे आयपॅड बदललात तर यूएसबी सीवाला घ्या, दहाव्या जनरेशनपासून साध्या आयपॅडला पण सी आलंय. केबल मात्र डेटावाली हवी, काही सी केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात, मी त्याच्यापायी एक अख्खा रविवार घालवलाय आणि दोष देत होतो ॲपला.

जुना रेकॉर्डिस्ट (मंगळवार, सकाळी ७.०५)

ताई, तिसऱ्या मुद्द्याचं आधी सांगतो कारण तो वाचून सकाळी सकाळी चहा सांडला माझा. तुम्हाला भास नाही, उलट तुम्ही नुसत्या कानानं जे पकडलंय ते लोक मीटर लावून पकडतात.

गॅरेजबँड रेकॉर्ड करतो ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने. लॅपटॉपवरचं तुमचं प्रोजेक्ट बहुतेक ४८ वर उघडलेलं असणार. आता ४४,१०० नमुन्यांचं गाणं जर सेकंदाला ४८,००० च्या वेगानं वाजवलं तर ते पटकन संपणार आणि वर चढणार, जुन्या टेपची गती वाढवल्यासारखं. किती चढणार? ४८ भागिले ४४.१ म्हणजे साधारण १.०८८, ते होतात जवळजवळ दीड सेमीटोन. काळी चारच्या वर एक सेमीटोन पांढरी सहा, दोन सेमीटोन काळी पाच. दीड म्हणजे बरोब्बर दोघींच्या मधे. तुम्ही लिहिलंय तेच! आणि घाई पण खरीच, दहा मिनिटांचा ट्रॅक नऊ मिनिटं अकरा सेकंदांत संपेल, घड्याळ लावून बघा.

फाइल आत घेताना सॉफ्टवेअरनं विचारलं असेल कन्व्हर्ट करायचं का म्हणून. कुणीतरी नाही दाबलंय. काही सॉफ्टवेअर न विचारता स्वतःच करून घेतात, काही विचारतात. तेव्हा फाइल काढून टाका, परत आत घ्या आणि हो म्हणा. किंवा सगळंच ४४.१ ला ठेवा, म्हणजे प्रोजेक्ट पण आणि इंटरफेसच्या कंट्रोल पॅनलमध्ये पण, दोन्हीकडे एकच आकडा. तुम्हाला व्हिडिओ करायचा नसेल तर ४४.१ ला काही वाईट नाही. व्हिडिओवाले ४८ वापरतात.

आता ती पाठोपाठ गाणारी बाई. लॅपटॉप तुमचा आवाज थेट कानात देत नाही, थोडा थोडा साठवून देतो, त्या साठ्याला म्हणतात बफर. बफर १०२४ असेल तर ४८ किलोहर्ट्झला एकवीस मिलिसेकंद जाताना आणि तेवढेच येताना, चाळीसच्या वर गेलं की माणसाला दुसरा आवाज ऐकू यायला लागतो. १२८ केलंत तर एका बाजूला तीनच्या आत येतं. अंदाज यावा म्हणून सांगतो, हवेतनं आवाज दहा मिलिसेकंदात साडेतीन मीटर जातो, म्हणजे मैफिलीत तबलजी जरा लांब बसला तर तेवढा उशीर तुम्ही नेहमीच सहन करता आणि तुम्हाला कळत पण नाही.

पण जुना लॅपटॉप १२८ ला कडकड करेल, फुटाणे उडाल्यासारखं. मग बफरच्या नादी लागूच नका. तुमच्या इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर लिहिलेलं बटण नाहीतर मिक्स लिहिलेलं बटण असेल. ते चालू केलं की माइकचा आवाज लॅपटॉपात न जाता इंटरफेसमधनंच वळून कानात येतो, उशीर जवळजवळ शून्य. आणि हे केल्यावर सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग (तुमचाच आवाज कानात परत देणं) बंद करा, हे विसरतात लोक, नाहीतर बाई एक जाऊन दोन होतात.

सिंहगडरोडकर (मंगळवार, सकाळी ९.३०)

+१ काका, दीड सेमीटोनचं गणित जबरी.

विंडोजवर अजून एक गोष्ट, सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ड्रायव्हर कुठला निवडलाय बघा. एमएमई असं काही दिसलं तर बफर कितीही कमी करा फरक पडणार नाही. एएसआयओ निवडा, तो कमी उशीर लावणारा ड्रायव्हरचा प्रकार. इंटरफेसच्या कंपनीच्या साइटवरनं त्यांचा एएसआयओ ड्रायव्हर उतरवून टाका, विंडोज स्वतःहून जो चालवतं तो कॉल करायला आणि गाणी ऐकायला ठीक आहे.

विमाननगरी (मंगळवार, दुपारी १.१०)

एएसआयओ फोर ऑल नावाचा ड्रायव्हर टाका ना, फुकट आहे, मी तोच वापरतो.

सिंहगडरोडकर (मंगळवार, दुपारी १.२५)

कंपनीचा ड्रायव्हर असताना नको रे. तो विंडोजच्याच ड्रायव्हरवर एएसआयओचा मुखवटा चढवतो. स्वस्तातल्या काही इंटरफेसना स्वतःचा ड्रायव्हरच नसतो तेव्हा तोच आधार असतो, बेहरिंगरच्या यूएम टू सारख्यांना लोक तोच लावतात, तिथे ठीक. दोन्ही टाकून ठेवलं की मग सॉफ्टवेअर कुठला उचलतंय कळत नाही आणि लोक इथे येऊन धागे काढतात.

विमाननगरी (मंगळवार, दुपारी १.४०)

बरं बरं. मी आपलं माझं सांगितलं. माझं खरं तर अँड्रॉइड टॅबवर असतं जास्त, ओटीजी केबल (टॅबला यूएसबीची वस्तू जोडायची) लावून. तिथे ऑडिओ इव्होल्यूशन मोबाइल नावाचं ॲप घ्यावं लागलं, त्याच्यात त्यांचा स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर आहे म्हणून उशीर कमी येतो. बाकी ॲपमध्ये टॅब त्याला वाटेल तेच करतो. तुमच्याकडे आयपॅड आहे तर सुखी आहात.

शनिवारातला तिरसट (मंगळवार, दुपारी ४.००)

ह्या सगळ्या द्राविडी प्राणायामापेक्षा सरळ यूएसबी माइक घ्यायचा होता. एक वायर, विषय संपला. शिवाय कंडेन्सर माइक पुण्यात घेणं हेच चूक. माझ्याकडे आहे. जुलै लागला की नदीपात्रातल्या ढोलांचा सराव त्याच्यात जेवढा सुंदर येतो तेवढं माझं व्हायोलिन येत नाही.

जुना रेकॉर्डिस्ट (मंगळवार, रात्री ९.२०)

यूएसबी माइकवर उद्या पेटी पण वेगळ्या माइकनं घ्यायची म्हटलं की अडलं, दोन यूएसबी माइक आयपॅडवर एकदम चालत नाहीत. ताईंनी घेतलंय ते बरोबर घेतलंय.

ढोलांचं मात्र खरंय.

ताई, अजून दोन गोष्टी राहिल्या. गेनचं बटण, म्हणजे माइकचा आवाज किती आत घ्यायचा ते, बोलून सेट करू नका. बोलताना सगळं छान दिसतं आणि तार षड्जाला गेलात की लाल. सगळ्यात जोरात जी तान घेता ती घ्या आणि तेव्हा मीटर उणे बारा डेसिबलच्या आसपास राहील असं ठेवा. चोवीस बिटचं रेकॉर्डिंग असेल तर आवाज कमी घेतल्यानं काही बिघडत नाही, नंतर वाढवता येतो. फाटलेला आवाज ब्रह्मदेव आला तरी शिवता येत नाही.

आणि तानपुरा गायब होतो ते माइकमुळे नाही. झूम वापरत असाल तर त्याला तानपुरा हा पंख्याचा आवाज वाटतो, सतत एकसारखा चाललेला, म्हणून तो पुसून टाकतो. तुमचा लांबवलेला खर्जाचा सा सुद्धा त्यातच जात असणार. सेटिंगमध्ये ओरिजिनल साउंड नावाची सोय आहे ती चालू करा, म्हणजे त्याची साफसफाई बंद होते. दहा हजारांचा माइक लावून ही एक सेटिंग राहिली तर तानपुरा तरीही जाणार. आणि हो, आयपॅडला इंटरफेस लागला की आयपॅडचा स्पीकर बंद पडतो, तानपुऱ्याचं ॲप त्याच आयपॅडवर लावलंत तर ते फक्त तुमच्या हेडफोनमध्ये वाजेल, मुलींना नाही. क्लासला तानपुरा फोनवर किंवा तानपुरा पेटीवर लावून माइकपासून दोनेक फुटांवर ठेवा, वायरींच्या भानगडीत पडू नका.

काळीचार (गुरुवार, संध्याकाळी ६.१५)

सगळ्यांचे खूप आभार, आता हा घ्या अहवाल.

फाइल परत घेतली, या वेळी हो दाबलं, काळी चारला चपखल बसली. आधीची चुकीची पण घड्याळ लावून वाजवून बघितली काका, माझा ट्रॅक वीस मिनिटांचा आहे, अठरा मिनिटं बावीस सेकंदांत संपला! लेकाला बोलावून दाखवलं. नाही त्यानंच दाबलं होतं, हे पण कबूल करून घेतलं.

डायरेक्ट मॉनिटरचं बटण होतं, दिवाळीपर्यंत सापडलं नसतं इतकं छोटं आहे. दुसरी बाई गेली. ओरिजिनल साउंड केलं, काल सकाळी न्यू जर्सीवाली म्हणाली ताई आज तानपुरा जवारीसकट ऐकू येतोय. ॲपलचा ॲडाप्टर मिळाला, कॅम्पात, किंमत विचारू नका, पण चार्जर लावल्यावर आयपॅड एक अक्षर न बोलता चालू झाला.

आता नवीन. लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करताना मागे एक बारीक घूंऽऽ येतो. तानपुरा पेटी वायरनं दुसऱ्या इनपुटला लावलीय, मला वाटलं तिचाच. मंद्र पंचमाच्या खालचा सूर आहे, तानपुऱ्याशी भांडतो. आणि गंमत अशी की आज गुरुवार, दुपारी लाईट गेली, मी म्हटलं लॅपटॉपला बॅटरी आहे तोवर गाऊन घेऊ, तर घूं गायब! एकदम लख्ख. लाईट आली, परत घूं.

जुना रेकॉर्डिस्ट (गुरुवार, रात्री ८.४५)

ताई तुमचा सूर बरोबर आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिचा दुप्पट १००, तो तुमच्या काळी चारच्या खालच्या सप्तकातल्या सा च्या जवळपास, जरासा उतरलेला. भांडणारच तो.

लाईट गेल्यावर दोन गोष्टी एकदम बंद झाल्या, लॅपटॉपचा चार्जर आणि तानपुरा पेटीचा ॲडाप्टर. त्यामुळे गुन्हेगार कोण ते आत्ता सांगता येत नाही. एकेक करा. आधी पेटीची वायर इनपुटमधनं काढा, घूं राहिला तर पेटी निर्दोष. मग चार्जर भिंतीतनं काढा. आणि एक, घूं चालू असताना इंटरफेसच्या धातूच्या अंगाला बोट लावून बघा, आवाज बदलला तर अर्थिंगची गडबड.

काळीचार (गुरुवार, रात्री ९.३०)

पेटी काढली, घूं आहे. चार्जर काढला, गेला. बोट लावलं तर निम्मा झाला! आता बोट लावून गाऊ का?

जुना रेकॉर्डिस्ट (गुरुवार, रात्री ९.४०)

गायला हरकत नाही, पेटी वाजवताना अडचण होईल.

तुमच्या त्या सॉकेटला अर्थिंगची वायर नाहीये किंवा सुटलीय, जुन्या बिल्डिंगांत कायम असतं. तीन पिनांचं भोक दिसतं पण तिसऱ्या भोकामागे काही नसतं. इलेक्ट्रिशियनला बोलावून तपासून घ्या, रेकॉर्डिंग सोडा, गीझरसाठी तरी. तोवर बॅटरीवर रेकॉर्ड करा. आणि कुणी सांगेल की चार्जरची जाड पिन कापून टाका म्हणजे घूं जातो, चुकूनही करू नका, घूंबरोबर माणूस पण जाऊ शकतो.

काळीचार (रविवार, सकाळी ११.००)

इलेक्ट्रिशियन येऊन गेला. अख्ख्या खोलीची अर्थिंगची वायर बोर्डात नुसती गुंडाळून ठेवलेली, कुठे जोडलेलीच नाही. वीस वर्षं आम्ही तशाच राहतोय. जोडल्यावर घूं गेला, चार्जर लावून सुद्धा.

आता रेकॉर्डिंग इतकं स्वच्छ येतंय की खालच्या काकूंच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. काल मारव्यात तीन झाल्या. वस्तू ठेवतेय, मुदत पण गेली.

शनिवारातला तिरसट (रविवार, दुपारी १२.१०)

अभिनंदन. तो कॅमेरा ॲडाप्टर तुम्ही सकाळच्या क्लासलाच वापरता ना. माझा आयपॅड पण लाइटनिंगचाच आहे. पुढच्या शनिवारी येऊन नेला आणि सोमवारी पहाटेच्या आत आणून दिला तर चालेल का, एकदा बघायचंय फक्त.

काळीचार (रविवार, दुपारी १२.१८)

चालेल की. कागद वाचून या.